दिवस मावळायच्या आत

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले तरी रेश्मा माहेरीच होती. एरवी भावाला ओवाळलं की दुसऱ्या सकाळी ती पाचगणीची एसटी धरायची. यंदा बॅग भरायचं नावच नव्हतं, म्हणजे बाईंच्या मनात काहीतरी शिजतंय, एवढं तिच्या वहिनीला, प्रियदर्शनीला, न सांगता कळलं होतं.

पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात रेश्मा वीस वर्षं मेट्रन होती. दीडशे मुलींना घंटेवर उठवायचं, घंटेवर जेवू घालायचं, घंटेवर झोपवायचं. एवढ्या पोरींना वळण लावलेल्या बाईला, घरात एका म्हातारीला वेळेवर चार घास खाऊ घालणं जमत नाही ही गोष्टच पटत नव्हती.

"वहिनी, पाच वाजले," स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती म्हणाली. "आईचं ताट वाढ."

"वाढते. पण त्या बसायच्या नाहीत, ताई."

"तू वाढ तर खरं."

प्रियदर्शनीनं वाढलं. दुधात कुस्करलेली भाकरी, पावट्याची आमटी, मऊ भात. सव्वीस वर्षांपूर्वी श्रेणिकशी लग्न होऊन ती मगदुमांच्या घरात आली, तेव्हापासून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची हा या जैन घराचा कायदा. सासूबाईंचा तर नेमच. चंदनबाला मगदूम यांनी कळत्या वयापासून सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घातलं नव्हतं. बाळंतपणात नाही, तापात नाही, महापुराच्या वर्षी सगळं गाव पलूसच्या शाळेत मुक्कामाला होतं तेव्हाही नाही.

गेल्या दोन वर्षांत त्या पुष्कळ काही विसरल्या होत्या. न्हाणीघर कुठल्या बाजूला, नातू पुण्यात काय करतो, आंघोळ झाली की व्हायचीय. नेम मात्र विसरल्या नव्हत्या. घोळ नेमका तिथं होता.

आई सोप्यात पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. सोललेले दाणे एका बाजूला आणि टरफलं दुसऱ्या बाजूला, असं सुरुवातीला असायचं. नंतर दोन्ही एकत्र व्हायचं आणि प्रियदर्शनी ते सावकाश वेगळं करायची.

"आई, चल, जेवून घे," रेश्मा म्हणाली.

आईंनी ताटाकडे पाहिलं, मग रेश्माकडे. "मालक आलं न्हाईत अजून. हळदीला पाणी पाजायला गेल्यात. ते आल्याबिगर मी कशी बसू, बाई?"

"आई, अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली."

प्रियदर्शनीनं डोळे मिटले. या घरात एकच वाक्य बोलायचं नसतं आणि नणंदबाईंनी पहिल्या दमात तेच काढलं होतं.

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कवा?" त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं न्हाई ते." आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, की जणू दारातून कुणी आत्ताच निरोप घेऊन आलंय. त्या रडल्या नाहीत. नुसत्या उठल्या, खुंटीवरची ओढायची शाल खांद्यावर घेतली आणि दाराकडे निघाल्या. "मी घरी जाते. हितं मला कुणी काय सांगत न्हाई."

"आई, हेच तुझं घर आहे," रेश्मा मागून म्हणाली.

"माझं घर असतं तर मला सांगितलं असतं की."

प्रियदर्शनी त्यांच्या मागं गेली नाही; वळसा घालून पुढं गेली आणि चपला घालायला लागली. "चला, मीबी येते. एकटीनं जाऊ नका."

दोघी अंगणात आल्या. तुळशीला एक वळसा झाला, ट्रॅक्टरला एक झाला. प्रियदर्शनी त्यांचा हात धरून चालत होती, ओढत नव्हती. तिसऱ्या फेरीला तिनं सहज विचारलं, "आई, अण्णा तुम्हाला बघायला आले तेव्हा काय बोलले होते ओ?"

आई थांबल्या. डोळ्यात काहीतरी शोधाशोध झाली. "बोलतोय कुठं. खाली मान घालून बसलेला. आमच्या आईनं लाडू म्होरं ठेवलं, तर सात खाल्ले. सात. बा म्हणाला, पोरगा भिडस्त हाय. आई म्हणाली, लाडवाला न्हाई."

"मग तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"मला इचारलं कुणी?" आई म्हणाल्या, आणि हसल्या. शाल खांद्यावरून घसरली. "चल आत, पाय दुखाय लागले माझे."

रेश्मा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. आई आत जाऊन परत शेंगांपाशी बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मी खरं तेच सांगितलं होतं."

"खरंच होतं ते," प्रियदर्शनी म्हणाली. "फक्त तुम्हाला ते अकरा वर्षांपूर्वी कळलं. त्यांना दर वेळी आत्ता कळतं. मीही पहिल्या वर्षी पाच-सहा वेळा सांगितलंय. मग लक्षात आलं, की माणसाला एकदाच विधवा करावं."

रेश्मानं तीन दिवस पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. "मी काकांना बोलावलंय. साडेसहाला येतील, आरती झाली की. मी आईला पाचगणीला न्यावं म्हणते. तिथं माझ्या क्वार्टरमध्ये जागा आहे, डॉक्टर जवळ आहे. इथं ती सुकत चाललीय, वहिनी. शाल घेतली तरी हाडं दिसतात."

"सदतीस किलो," प्रियदर्शनी म्हणाली. "गेल्या महिन्यात छत्तीस होतं."

"म्हणजे वाढलं?" रेश्मानं चमकून पाहिलं. "जेवत नाही म्हणतेस आणि वजन कसं वाढलं?"

प्रियदर्शनीनं आमटीवर झाकण ठेवलं आणि ते बरोबर बसलंय ना, हे नको तितक्या काळजीनं पाहिलं.

*

कार्तिकात दिवस लहान. सूर्य बुडाला आणि ताट होतं तिथंच राहिलं. श्रेणिक नेहमीप्रमाणे उठला, विजेरी घेतली आणि "मोटर चालू करून येतो" म्हणून द्राक्षबागेकडे गेला. महिनाभर तो रोज याच वेळेला मोटर चालू करायला जात होता. शेतीची वीज या आठवड्यात रात्री दहानंतर आहे, हे प्रियदर्शनीला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे श्रेणिकलाही माहीत होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात एवढं एकमेकांना न विचारता चालतं.

सव्वासहाला आईंच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. सोपा ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते दार. "पोटात कसंतरीच व्हतंय," त्या म्हणत होत्या. "काय तरी राहिलंय माझं. काय राहिलंय गं?" भूक लागलीय, हे सांगायला त्यांना शब्द सापडत नव्हता.

प्रियदर्शनीनं घड्याळाकडे पाहिलं. नणंद पुढच्या खोलीत फोनवर होती. चुलतसासरे पंधरा मिनिटांत येणार होते. आज नको, असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिनं आईंचं मनगट पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढला, मोठी ट्यूबलाइट लावली आणि पाट मांडला.

"या, बसा," ती म्हणाली.

उजेडात येताच आईंचे पाय थांबले. त्या पाटावर टेकल्या. समोर कोण बसलंय ते डोळे बारीक करून पाहिलं आणि चेहरा उजळला. "रंगू, तू हाईस व्हय."

रंगूबाई चाळीस वर्षं या घरी हळदीच्या कामाला येत होती. तिला जाऊनही चार वर्षं झाली होती. पण संध्याकाळी सहानंतर प्रियदर्शनी सून राहायची नाही, रंगूबाई व्हायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. सुनेला सासू जे कधी सांगत नाही ते रंगूबाईला रोज ऐकायला मिळायचं.

"दिवस हाय न्हवं अजून?" आईंनी वाटीकडे बघत विचारलं.

"उजेड हाय बघा की," प्रियदर्शनी म्हणाली, आणि पहिला घास पुढं केला.

दोन घास गेले. तिसऱ्याला तिनं विचारलं, "सूनबाई काय म्हणतीय तुमची?"

"बरी हाय." आईंनी चावत विचार केला. "मिठाला हात जड हाय तिचा. सांगितलं तर तोंडावर व्हय म्हणती आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच घालती."

"लय वाईट खोड."

"पण कामाला वाघ हाय. आणि दिसायला आमच्या श्रेणिकपेक्षा बरी हाय, ते तेवढं तिला सांगू नगंस. डोक्यावर बसंल."

"मी कशाला सांगतीय," प्रियदर्शनी म्हणाली आणि हसू दाबायला खाली भातात बघत राहिली. म्हणूनच तिला दारात कोण येऊन उभं राहिलंय ते दिसलं नाही.

"सूनबाई."

दारात भूपालकाका होते आणि त्यांच्या मागं रेश्मा. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, बहात्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. वेळेच्या बाबतीत गावात घड्याळापेक्षा त्यांच्यावर विश्वास. रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेली छोटी दिनदर्शिका सदऱ्याच्या खिशात कायम.

"आज पाच एकोणसाठला सूर्यास्त झाला," ते म्हणाले. "आता सहा सदतीस झाल्यात. काय चाललंय हे?"

"आई जेवतायत, काका."

"ते दिसतंय मला. कवापासनं?"

"महिना झाला."

रेश्मानं तोंडावर हात ठेवला. "वहिनी, अगं, आईचा जन्माचा नेम. तिला न विचारता तू—"

"त्यांना कळत न्हाई म्हणून त्यांना फसवायचं व्हय?" काकांचा आवाज चढला. "पडदा ओढायचा, दिवा लावायचा, आणि दिवस हाय म्हणायचं. त्या विसरल्या म्हणून काय झालं? आपल्याला तरी ध्यानात हाय न्हवं? आमची आई अठरा दिवस अंथरुणाला खिळून होती. शुद्ध नव्हती. पण दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तिच्या ओठाला लागला न्हाई. ह्याच घरात. ह्या वैनींनीच तिचा नेम शेवटपर्यंत सांभाळला. आणि त्याच वैनींच्या ताटात आज..."

मागच्या दारातून श्रेणिक आला होता. पायाला चिखल नव्हता, विजेरी हातात तशीच. "काका, हळू बोला," तो म्हणाला. "मला ठाऊक हाय हे. पहिल्या दिवसापासनं."

"तुला ठाऊक हाय? आणि तू काय केलंस?"

"मी बाहेर जात होतो," श्रेणिक खाली बघत म्हणाला.

"छान," रेश्मा म्हणाली. "बायकोनं करायचं आणि यांनी बाहेर जायचं." आत्तापर्यंत काकांच्या बाजूला उभी असलेली ती एक पाऊल आत आली, कुणाच्या बाजूला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नसावं.

या सगळ्यात आईंनी वाटी दूर सारली होती. मोठे आवाज झाले की त्या अंग चोरून घ्यायच्या. त्यांचे हात पदराच्या टोकाला पीळ घालत होते. "कोण हायत ही माणसं?" त्या पुटपुटल्या. "का भांडत्यात? मी काय केलं?"

प्रियदर्शनीनं बाकी कुणाकडे पाहिलं नाही. ती आईंच्या शेजारी सरकली, त्यांचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यानं सावकाश चोळायला लागली, हळद दळून आल्यावर रंगूबाई चोळायची तसा. "तुम्ही काय केलं न्हाई. पाहुणे हायत. लांबनं आल्यात, मोठ्यानं बोलायची सवय हाय त्यांना. तुम्ही माझ्याकडं बघा."

ट्यूबलाइटचा बारीक आवाज तेवढा येत होता. हळूहळू आईंची बोटं सैल झाली. त्यांनी प्रियदर्शनीच्या कानाशी तोंड नेलं, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची कुजबूज असते तशी ती घरभर ऐकू आली.

"रंगू, तुला एक सांगू? कुणाला बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत."

"आमच्या सासूबाईंना मी रातीची पेज पाजत हुते."

प्रियदर्शनीचा अंगठा थांबला.

"त्यास्नी दिवसा झोप आणि रातीला जाग. जाग आली की पोटातनं आवाज यायचा. तांदळाची पेज करायची, साखर घालायची, आणि चमचा म्होरं केला की तोंड उघडायच्या. चिमणीच्या पिलागत." आईंनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "सगळे निजले की करायची मी. मालकांना बी सांगितलं न्हाई."

"मग नेम?" प्रियदर्शनीनं विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं, पण आता न विचारणंही शक्य नव्हतं.

"नेम त्यांचा कुठं मोडला? त्यास्नी काय ठावं. हात माझा हुता. पाप लागलं तर माझ्या हाताला." आईंनी तो हात ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिला. "पण भावजींना सांगू नगंस हं. ते तवा महांकाळला पोस्टात हुते. रविवारी यायचे, आल्या आल्या इचारायचे, वैनी, आईचा नेम पाळला न्हवं? मी म्हणायची, पाळला. लेकरू लांब राहत हुतं. त्याला तेवढं तरी असू दे."

मग त्यांना वाटी दिसली. "हे कुणाचं? गार व्हतंय," त्या म्हणाल्या आणि आपणहून तोंड उघडलं.

काका वळले आणि बाहेर निघून गेले.

*

प्रियदर्शनीनं आईंना पूर्ण जेवू घातलं, गोळी दिली, तोंड पुसलं. रेश्मानं न सांगता अंथरूण घातलं. मग प्रियदर्शनी बाहेर आली. काका अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तिनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणला होता. मग आठवलं की सूर्य मावळल्यावर ते पाणीही घेत नाहीत. ती तो हातात धरून उभी राहिली.

"बस," काका म्हणाले.

ती बसली.

"ही आईची गोष्ट मी किती जणांना सांगितली असंल?"

"बाकीच्यांचं माहीत नाही. मला सहा वेळा."

काकांच्या तोंडून हुंकार आला. त्यात थोडं हसू होतं. "पर्युषणात दर वर्षी सांगतो मी. माईकवरनं. पन्नास वर्षं झाली." त्यांनी मांडीवरचा चष्मा उचलला, परत ठेवला. "अठरा दिवस. मी तिथं पोस्टात शिक्के मारत बसलेलो. दर रविवारी वैनी म्हणायच्या, पाळला. मला लय बरं वाटायचं, सूनबाई. मी परत जाताना एसटीत झोपायचो सुद्धा. आई उपाशी नव्हती म्हणजे..."

"नव्हती."

"न्हाई, म्हणजे मला कवा सुचलंच न्हाई, की ती उपाशी असंल."

प्रियदर्शनीनं तांब्या कट्ट्यावर ठेवला. शेजारच्या गोठ्यातून म्हशीच्या साखळीचा आवाज आला.

"पुढच्या पर्युषणात काय सांगू मग?"

"तेच सांगा. फक्त पुढचं थोडं वाढवा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू रोज त्यांना दिवस हाय म्हणून सांगतीस?"

"नाही काका. त्या विचारतात, दिवस हाय का. मी म्हणते, उजेड हाय. असतोच की."

"वकील व्हायचीस तू," काका म्हणाले. चष्मा पुसला, परत लावला. मग जरा अवघडून म्हणाले, "हे बघ, मी आता काय बोलत न्हाई. चालू दे. पण नेमही राहील आणि पोटही भरंल, असं काय करता येतं का?"

याच प्रश्नावर प्रियदर्शनी महिनाभर विचार करत होती. "त्या अण्णांची वाट बघतात. अण्णा पाचच्या आत घरी आले तर जेवतील."

"तो कुठनं येणार आता?"

"तुमचा आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे. फोनवर मी अजून दचकते. मागच्या दारानं यायचं, अण्णा हाक मारायचे तशी मारायची. यांनी करून बघितलं एकदा. पण यांचा आवाज आईंवर गेलाय. त्यांनी आतूनच विचारलं, मीटर बघायला आलास का म्हणून."

"दादा काय हाक मारायचा?"

"'अगं ए, वाढ लवकर.'"

काका एकदम ताठ झाले. "मी वैनींना 'अगं ए' म्हणू?"

"एकदाच."

"अडुसष्ट वर्षांत मी त्यांना 'तुमी'शिवाय बोललो न्हाई. लग्नात त्यांनी मला कडेवर घेतलं हुतं."

"मग तुम्ही राहू दे. मी पडदा ओढते."

काका उठले, जोडे घातले, फाटकापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "पावणेपाचला येतो."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारपासून घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. श्रेणिक मोटर सोडून घरीच होता. आई सोप्यात बसल्या होत्या आणि रेश्मा त्यांच्यासमोर.

"मालक कवा येणार गं?" आईंनी विचारलं.

रेश्माचे ओठ हलले. प्रियदर्शनीनं आतून मान उंचावून पाहिलं. "येतील की," रेश्मा म्हणाली. "तोवर एवढ्या शेंगा सोलूया का आपण? मला नीट जमत नाही, तू दाखव." मग आईंच्या हातांकडे बघत असतानाच ती मान न वळवता वहिनीला म्हणाली, "पाचगणीचं राहू दे आता. तिथं संध्याकाळी धुकं पडतं. एवढा उजेड मला नाही करता यायचा. मी शनिवार-रविवारी येत जाईन."

पावणेपाचला परड्यातलं फाटक वाजलं. काका आले होते. धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कुठूनतरी आणलेलं खुरपं. चाळीस वर्षं टेबलामागं बसलेल्या माणसाच्या हातात ते शिक्क्यासारखं धरलेलं होतं. ते मागच्या दाराशी थांबले, घसा खाकरला, एकदा इकडं-तिकडं कुणी बघत नाही ना हे पाहिलं आणि आवाज जाड करून म्हणाले, "अगं ए... वाढ लवकर. भूक लागलीय."

तो अण्णांचाच आवाज होता. श्रेणिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आई शेंगा टाकून उठल्या. पदर सारखा केला. चालताना त्यांचा हात भिंतीला टेकत टेकत गेला. त्या मागच्या दारात आल्या आणि टॉवेल गुंडाळलेल्या माणसाकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या.

"भावजी," आई म्हणाल्या, "घसा बसलाय व्हय तुमचा?"

काकांच्या हातातलं खुरपं खाली आलं. "न्हाई... म्हणजे, व्हय. जरासा."

"आणि हे काय डोक्याला? त्यांच्यागत कशाला करताय? माणूस गेलं म्हणून त्याची नक्कल करू नये."

आई वळून आत निघाल्याही होत्या. "रंगू, दोन ताटं घे. भावजी उन्हातनं आल्यात, उपाशी असतील. एकटं जेवायला बसवू नये कुणाला."

काका घरून चार वाजता भाकरी, आमटी, भात आणि वर दोन करंज्या खाऊन आले होते. ते हात धुऊन मुकाट पाटावर बसले. आईंनी स्वतः वाढलं. अर्धी आमटी ताटाबाहेर गेली, भात दोनदा वाढला गेला. मग त्या समोर बसल्या आणि जेवल्या. खिडकीचा पडदा उघडा होता आणि उन्हाची तिरपी पट्टी त्यांच्या ताटावर होती. एक भाकरी संपली, भात संपला. काका घास गिळायचा प्रयत्न करत सदऱ्याच्या खिशातली दिनदर्शिका चाचपडत होते. मग त्यांनी हात बाहेर काढून घेतला.

"मीठ जास्त झालंय न्हवं?" आईंनी हळूच विचारलं.

"जरा," काका म्हणाले, आणि प्रियदर्शनीकडे बघायचं टाळलं.

हे रोज जमलं नाही. पुढच्या आठवड्यात चार दिवस जमलं, तीन दिवस नाही. एकदा आईंनी काकांना ओळखलंच नाही आणि भर दिवसा चोर शिरला म्हणून त्यांना परड्याबाहेर काढलं. त्या तीन संध्याकाळी पडदा ओढला गेला, ट्यूबलाइट लागली आणि काका बाहेर कट्ट्यावर बसून राहिले, आतलं जेवण होईपर्यंत. पण ते पुढचं. त्या पहिल्या दिवशी ऊन अजून भिंतीवर होतं, आणि भूपालकाका पोटावर हात ठेवून कसेबसे उठले, वाकून वहिनींना नमस्कार केला.

"येतो, वैनी."

"उद्या बी या," आई म्हणाल्या. "पण तुमच्याच आवाजात या."